हुकूम काय हो?

एप्रिलातल्या गुरुवारी सकाळी वीज गेली, की मी अजूनही उठून घराचं दार उघडते. आता तसं करण्यात काही अर्थ नाही. आमच्या या नव्या इमारतीत दार उघडलं की समोर लिफ्ट आहे, आणि जो काही वारा यायचा तो लिफ्टच्या बंद दारापर्यंत जाऊन परत फिरतो. शिवाय इथे जनरेटर आहे. तो मिनिटभरात सुरू होतो, पंखा पुन्हा गरगरायला लागतो आणि मी मुकाट्याने दार लावून घेते. लेक आतून विचारते, "आई, कोणी आलं होतं का गं?" मी म्हणते, "नाही." हे दर गुरुवारी होतं.

परवा तिनं माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला. रंगीत चौकोन क्षणभर दिसतात आणि मिटतात. कुठला कुठे होता ते आपण बोटानं दाखवायचं. जमलं की टाळ्या वाजतात आणि एक पिवळा पक्षी येऊन शाब्बास म्हणतो. मला त्या पक्ष्याचा भरवसा वाटत नाही. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालतो यावर विश्वास ठेवायचा नाही, यासाठी कंपनी मला पगार देत होती, आणि सवय निवृत्तीबरोबर सुटत नाही. म्हणून मी त्या खेळाला मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. ओळीनं चौदा चुका केल्यावर पक्षी म्हणाला, "तुमची प्रगती छान आहे!" मी ते ऋजुताला दाखवलं.

"अगं आई, ते एन्करेज करतात."

"मला नकोय कोणी एन्करेज करायला. हा खेळ मला का दिलास ते सांग."

"असंच गं. सगळ्यांचे आईबाबा खेळतात. ब्रेन शार्प राहतो."

'असंच' या शब्दावर माझा कधीही विश्वास बसलेला नाही. मी फोन पालथा ठेवला आणि सरळ वीस वर्षं मागे, कोथरूडच्या जिन्यात जाऊन बसले.

तो उन्हाळा हिंजवडीच्या रस्त्यावर दर महिन्याला एक काचेची इमारत उगवत होती तेव्हाचा. नवरा कंपनीच्या कामानं दोन वर्षांसाठी परदेशात होता. ऋजुता चौथीची परीक्षा संपवून सुट्टीला साताऱ्याला, तिच्या आजीकडे गेली होती. माझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि बाबा कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते, म्हणून मी माझ्या घराला कुलूप लावून त्यांच्याकडे आले. माझी शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर चालायची. कंपनीची गाडी दुपारी साडेतीनला कोपऱ्यावर यायची. तोवरचा सगळा वेळ माझा. चाळिशीच्या नोकरदार बाईला एप्रिलची दुपार घरी बसून बघायला मिळावी ही चैनच होती, आणि ती मी वहीत नोंदी करण्यात घालवली.

दुपारी एक ते चार पुणं झोपतं, असं बाहेरचे लोक हसून सांगतात. त्या वर्षी मात्र लोडशेडिंगनं ती झोप मोडली. रोज दुपारी एकच्या सुमाराला फ्रिज एक उसासा टाकून गप्प व्हायचा, आणि गुरुवारी तर दिवसभर वीज नसायची. पेपरात खडकवासल्यात पाणी किती उरलं त्याचा आकडा यायचा. तो बाबा मोठ्यानं वाचायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, की जणू मीच धरण उपसून आलेय. पलंगाखाली पेंढ्यात घातलेल्या आंब्यांचा वास घरभर. माठात वाळा. खिडक्यांना ओले पंचे. आणि एवढं सगळं करूनही जिवाची काहिली व्हायची, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची माणसं आपापली दारं उघडून जिन्यातल्या चौकात यायची, कारण इमारतीत वारा फक्त तिथे होता. आमचं दार आणि समोरचं इनामदार काकूंचं दार यांच्या मधोमध एक घडीचं टेबल पडायचं, भोवती चार खुर्च्या, आणि मेंढीकोट सुरू.

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चौघंजण, समोरासमोर बसलेले दोघं भिडू. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात. पत्त्यांतल्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. त्या ज्यांनी जास्त ओढल्या ते जिंकले. आमच्याकडे 'बंद हुकूम' खेळायचे. म्हणजे डाव सुरू होताना एकानं आपल्या हातातलं एक पान पालथं ठेवायचं. ते ज्या रंगाचं, तो हुकूम, पण ते ठेवणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नसतं. पुढे एखाद्याकडे उतारीचा, म्हणजे त्या हातात पहिल्यानं टाकलेला, रंग संपला, की तो म्हणतो, "हुकूम उघडा." पान उघडतं, सगळे बघतात, आणि ते पुन्हा ठेवणाऱ्याच्या हातात जातं. तिथून पुढे हुकूम कुठेही दिसत नाही. तो ज्यानं त्यानं डोक्यात ठेवायचा.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. एक काळ असा होता, की कोणाच्या घरी फोन येणार ही गल्लीला पेढे वाटायची बातमी असायची, आणि त्या काळात बाबांना निम्म्या कोथरूडचे नंबर पाठ होते. लग्नाला गेलो की माणसं त्यांना गंमत म्हणून आपला नंबर विचारायची. पुढे मोबाइल आले आणि नंबर पाठ असणं ही गोष्टच निकालात निघाली, पण बाबांचा त्या विद्येचा अभिमान शाबूत होता. त्यांचे भिडू खोब्रागडे काका, खालच्या मजल्यावरचे, पत्त्यांसाठी वर येणारे. मूळचे चंद्रपूरकडचे, तीस वर्षं पुण्यात सरकारी नोकरी करून इथलेच झालेले. त्यांची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ होती, चिडले की तेवढी नागपूरकडे वळायची. समोरच्या पक्षात निंबाळकर काका, ज्यांना कुजबुजताच येत नसे, आणि त्यांच्या भिडू इनामदार काकू. काकूंनी हयातभर शाळेत भूगोल शिकवला होता. नवरा गेल्यापासून त्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत, आणि त्या एकटेपणाबद्दल कोणी हळहळ दाखवली तर म्हणत, "चहा माझ्या चवीचा होतो, एवढा एक तोटा आहे."

मी उंबऱ्यात बसून कैरीची डाळ खात खेळ बघायचे. पहिला संशय आला तो खोब्रागडे काकांचा. ते अधूनमधून नाकाला बोट लावायचे आणि लगेच बाबा चांगलं पान टाकायचे. म्हणजे खुणा! माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कधी रांग मोडली नाही, ते या वयात खुणांवर डाव जिंकतात? मी तीन दिवस ते बोट मोजलं. चौथ्या दिवशी कळलं की काका तपकीर ओढतात आणि ती बायकोपासून लपवतात. मी ती नोंद खोडली. पण वही उघडली होती आणि पेन हातात होतं.

मग माझं लक्ष इनामदार काकूंकडे गेलं.

काकू विसरत होत्या. सारख्या विसरत होत्या. हुकूम उघडून दोन हात होत नाहीत तोच म्हणायच्या, "अहो, हुकूम काय हो? मेलं लक्षातच राहत नाही." निंबाळकर काका सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगायचे, "इस्पिक!" पुन्हा एका हातानंतर, "काय म्हणालात, इस्पिक ना?" पान बाबांनी ठेवलेलं असलं तर डाव सुरू होतानाच, "बघा, सबनीस साहेबांनी ठेवलाय हुकूम, आता आमचं काही खरं नाही." आणि हुकूम उघडायची वेळ आली की पुन्हा, "कोणी ठेवला होता हो? हां, साहेब, तुम्हीच की!" बाबा वैतागायचे. "इनामदार बाई, तुम्ही भूगोल कसा शिकवलात? मुलं दिल्ली समजून मद्रासला उतरली असतील." काकू हसायच्या. मला ते हसणंही संशयास्पद वाटायचं. आजाराच्या सुरुवातीला माणसं हसून वेळ मारून नेतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

मी वहीत लिहू लागले. माझ्या कामाची रीतच ती: कधी घडलं, आधी काय झालं होतं, कोणाची पाळी होती, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. सोमवार, चौथा हात, काकूंनी हुकूम विचारला. मंगळवार, एकाच डावात तीनदा. गुरुवार, हुकूम कोणी ठेवला हे विचारलं. दोन आठवड्यांत अकरा पानं भरली. मला वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर थोडं वाटत होतं आणि थोडी मजाही येत होती. दोष सापडला की तपासनिसाला जे समाधान होतं, ते माणसाच्या बाबतीतही होतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

काकूंचा मुलगा अमोल आमच्याच कंपनीत, वेगळ्या प्रोजेक्टवर. वाकडला त्यानं नवा फ्लॅट घेतला होता. एका संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी त्याच्यासमोर ती वही ठेवली. त्यानं उभ्या उभ्याच चार पानं चाळली.

"ताई, हे तू सगळं लिहून ठेवलंस?"

"मला वाटलं तुला कळायला हवं. एकट्या राहतात, गॅस असतो, सगळंच."

"थँक्स यार, सीरियसली. मी वर्षभर तिच्या मागे लागलोय, आमच्याकडे ये म्हणून. ती ऐकतच नाही. आता माझ्याकडे सॉलिड रीझन आहे."

त्यानं तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं ओळखायला लावली, आणि सगळं ठीक आहे असं सांगितलं. हे अमोलनं मला कळवलं, तेव्हा मला डॉक्टरांचाच संशय आला. मी म्हटलं, "अरे, दहा मिनिटांत काय कळतं? रोजचं आम्ही बघतो." त्याला तेवढं पुरलं. मेच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या दारातून खोकी निघाली. पंधरा वर्षांचं घर एका टेम्पोत मावलं.

निघताना काकू आमच्याकडे आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी, केसात मोगऱ्याचा एक गजरा. तो त्या उन्हाळाभर रोज घालायच्या आणि 'वास डोक्यात जातो' अशी तक्रारही करायच्या. त्यांनी पत्त्यांचा जोड माझ्या हातात दिला.

"चौकटची दुर्री हरवलीये. मी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून घातलाय, तो फेकू नकोस. आणि किलवरच्या राजाचा डावा कोपरा दुमडलेला आहे. निंबाळकर त्यावरून ओळखतात, त्यांना वाटतं मला माहीत नाही."

मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "खेळ बंद पडू देऊ नकोस, मीनल."

एवढं सगळं ज्या बाईच्या लक्षात आहे तिला हुकूम कसा आठवत नाही, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मी त्यांना नमस्कार केला आणि काळजी घ्या म्हणाले.

बाबा दारात उभे होते. टेम्पो वळल्यावर आत येऊन त्यांनी पेपर उघडला आणि मघाशी वाचलेला धरणाचा आकडा पुन्हा वाचला.

आता या आठवणीत मला सगळ्यात स्पष्ट दिसते ती पुढच्या गुरुवारची दुपार. काकूंच्या जागी मी बसले होते. वारा जिन्यातून येत होता, खाली कुठेतरी कोणीतरी कुरडयांचा चीक ढवळत होतं, आणि समोरच्या दाराला नवं कोरं कुलूप होतं. हुकूम ठेवायची पाळी बाबांची होती. त्यांनी नीट विचार करून एक पान काढलं आणि चष्म्याच्या केसखाली पालथं सरकवलं. चार हात झाले. निंबाळकर काकांकडे बदाम संपलं.

"उघडा हुकूम," ते म्हणाले.

कोणी हललं नाही. बाबा आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे.

"उघडा की," बाबा म्हणाले. "कोणी ठेवलाय?"

खोब्रागडे काकांनी नाकाला बोट लावलं आणि तसंच ठेवलं. निंबाळकर काका, ज्यांना कुजबुजता येत नाही ते, अगदी हळू म्हणाले, "साहेब, तुमच्या चष्म्याच्या केसखाली बघा."

बाबांनी केस उचलली. खाली पान होतं. ते त्या पानाकडे कितीतरी वेळ बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला.

"हे कोणी ठेवलं इथे? माझ्या वस्तूखाली पान कोणी ठेवलं? लबाडी करताय? चौघांत बसून माझ्याशी लबाडी?"

"बाबा, तुम्हीच..."

"तू गप्प बस. तू कधीपासून खेळायला लागलीस? इथे इनामदार बाई बसतात. त्या असल्या की असले प्रकार होत नाहीत." ते उठले, तरातरा घरात गेले, आणि फोनचा रिसीव्हर उचलून त्यांनी नंबर फिरवला. डायरी नाही, अडखळणं नाही; बोटांनी आपोआप फिरवला. आणि आमच्या पाठीमागे, कुलूप लावलेल्या दाराआड, काकूंच्या रिकाम्या घरात फोन वाजायला लागला. अमोलनं तो काढून घेतला नव्हता. आम्ही तिघं जिन्यात बसून ती घंटा ऐकत होतो. बाबा आत रिसीव्हर कानाला लावून उभे होते, आणि वाट बघत होते.

"उचलत नाहीत," ते अखेर म्हणाले. "बाहेर गेल्या असतील."

त्यांना मी आंब्याच्या दोन फोडी दिल्या आणि पडायला लावलं. बाहेर आले तर खोब्रागडे काका पत्ते गोळा करत होते. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"तुम्ही एवढं लिहून राहिल्या होत्या वहीत. एकदा विचारायचं ना जी कोणाला. काकूंना काही झालेलं नव्हतं. त्या विचारायच्या ते साहेबांना ऐकू जावं म्हणून. मागच्या दिवाळीपासून चाललं होतं हे. आम्हा तिघांना माहीत होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"काकू म्हणाल्या, मुलीला सांगायचं नाही. पोरीला कळलं की ती त्यांना टेबलावरून उठवेल." त्यांनी पत्ते सारखे केले. "त्यांना वाटलं होतं तुम्ही साहेबांना उठवाल. तुम्ही काकूंनाच उठवलं."

मी अमोलकडून वही परत मागून घेतली होती. ती काढून वाचली. त्यात सगळं होतं. मीच लिहिलं होतं, माझ्या वळणदार अक्षरात. प्रत्येक नोंदीत 'पुढची पाळी' असा रकाना होता, कारण तो असतोच, आणि अकरा पानं, वरपासून खालपर्यंत, त्या रकान्यात एकच शब्द होता: बाबा. काकूंनी हुकूम विचारला, पुढची पाळी बाबा. काकूंनी पुन्हा विचारला, पुढची पाळी बाबा. समोरच्या पक्षात बसून, स्वतः हरत, ती बाई माझ्या वडिलांना हुकूम पुरवत होती. जिचं डोकं त्या टेबलावर सगळ्यात शाबूत होतं, तिला मी विसरभोळी ठरवून घराबाहेर काढलं होतं. मी वही मिटली आणि रडले. त्या दिवशी गाडी कोपऱ्यावर हॉर्न वाजवून निघून गेली.

रविवारी मी वाकडला गेले. तेव्हा वाकड म्हणजे ज्वारीच्या कापलेल्या शेतांमध्ये उभे राहिलेले अकरा-अकरा मजले, आणि सगळीकडे सिमेंटची धूळ. काकू नवव्या मजल्यावर, गॅलरीत बसल्या होत्या. पुढ्यात सुडोकूची चार पुस्तकं, मुलानं आणलेली. तिन्हीसांजेपर्यंत सुनेनं नेमून दिलेली पानं सोडवायची, असा नियम होता म्हणे. त्यांनी सगळी पुस्तकं कधीच संपवली होती.

"नऊ घरं भरली की दुसरी नऊ. तीही भरतात," त्या म्हणाल्या. "भरली म्हणून कोणाला सांगायचं, तेवढं पुस्तकात दिलेलं नाही."

"काकू, माझं चुकलं."

"चुकलं खरं." काकू खोटं सांत्वन करणाऱ्यातल्या नव्हत्या. "वही दाखवली मला अमोलनं. अक्षर सुरेख आहे तुझं."

"तुम्ही बोलला का नाहीत? डॉक्टरांसमोर, अमोलसमोर? एका वाक्यात सांगता आलं असतं."

"काय सांगता आलं असतं? मी नाही विसरत, सबनीस विसरतात, हेच ना? मग तू त्यांना घेऊन बसली असतीस अशाच एखाद्या गॅलरीत." त्यांनी पुस्तक बाजूला सारलं. "मी इथेही राहू शकते, मीनल. मला राग आला, अजून आहे. घर माझं होतं. पण मी राहू शकते. ते त्या टेबलावाचून राहिले नसते."

मी अमोलशी बोलते, तुम्हाला परत आणते, असं मी म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरलं होतं, माणसं येऊन बघून गेली होती. मी अमोलशी बोललेही. तो म्हणाला, "ताई, आता तू उलटं सांगतेयस. आधी सांगितलंस तेही प्रूफसकट होतं." त्याचं काय चूक होतं? माझ्यासारखाच, लिहिलेल्यावर विश्वास ठेवत होता. काकू परत आल्या नाहीत.

निघताना मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "आता हुकूम कोण विचारतं?"

"कोणीच नाही."

"मग जा घरी," त्या म्हणाल्या. "गुरुवार यायला चार दिवस आहेत."

त्या गुरुवारी मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि हुकूम उघडल्यावर दुसऱ्या हातानंतर विचारलं, "हुकूम काय हो?" आवाज जमला नाही, फार मोठा लागला. निंबाळकर काका चमकले, मग त्यांना समजलं आणि ते गरजले, "किलवर!" बाबांनी किलवर टाकलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा. विसरण्याचं सोंग हे फार अवघड काम आहे, कारण ते नेमक्या वेळी करावं लागतं. एक पाळी आधी विचारलं तर उपयोग नाही, एक पाळी नंतर विचारलं तर अब्रू जाते. म्हणजे तुम्हाला हुकूम लक्षात ठेवायचा, बाबांचा चेहरा वाचायचा, पाळी मोजायची, आणि वर वेंधळं दिसायचं. काकूंनी हे सहा महिने केलं होतं, गजरा सावरत.

तो उन्हाळा सरला, पुढचे दोन उन्हाळे तसेच गेले. सुट्टीत ऋजुता असायची; तिनं मला त्या खुर्चीत बसून शंभरदा विचारताना ऐकलंय. बाबा मला सहन करत. एकदा पत्ते पिसता पिसता ते खोब्रागडे काकांना म्हणाले, "मिनू फार विसरायला लागलीय हो. हिला कोणाला तरी दाखवायला हवं." काकांनी गंभीरपणे मान हलवली. बाबा हे खरंच म्हणाले, की त्यांना सगळं कळत होतं आणि ते मला चिडवत होते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून शोधायचा फार प्रयत्न केला. मला शोधता आलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर ते खेळायचे थांबले, आणि मग एकेक गोष्ट थांबत गेली. काकूंचा नंबर मात्र शेवटपर्यंत त्यांच्या बोटांत होता. त्या घरात आलेल्या भाडेकरूंना अधूनमधून एका म्हाताऱ्याचा फोन येई, "इनामदार बाई, येताय ना?" ते बिचारे भले होते, "येतो," म्हणत.

तर हा पिवळा पक्षी. तो मला कधीच काही विचारणार नाही. त्याला सगळी उत्तरं आधीपासून ठाऊक आहेत. मी चुकले काय, बरोबर आले काय, त्याचं काही जात नाही; आणि ज्याचं काही जात नाही त्याच्याशी खेळून माझं डोकं तल्लख राहील, असं मला कोणी सांगितलं तर मी वही काढेन. असं मी कालच जेवताना तावातावानं म्हणाले. ऋजुता हसली. "बरं बाई, नको तो खेळ. उद्या गुरुवार आहे, मी घरूनच काम करतेय. पत्ते काढू." जावई गावाला गेलाय, नवरा घरी, म्हणजे आम्ही तिघं. तिघांचा खेळ पाच-तीन-दोन. यात हुकूम बंद नसतो. ज्याला पाच हात करायचे तो पहिली पाच पानं बघून हुकूम मोठ्यानं बोलतो आणि मग उरलेली पानं वाटायची.

आज सकाळी वीज गेली. जनरेटर सुरू व्हायच्या आत ऋजुतानं उठून दार उघडलं. मला हे आवडलं. पाच हात माझे होते. मी पानं लावली, हुकूम बोलले, खेळ सुरू झाला. तीन हात झाले. माझी पाळी येणार तेवढ्यात ऋजुतानं पानांवरून नजर न उचलता विचारलं, "आई, हुकूम काय गं? माझ्या लक्षातच राहत नाही."

या मुलीला पन्नास जणांच्या टीममधल्या प्रत्येकाची रजा तोंडपाठ असते. मी तिच्याकडे बघितलं. ती पानं लावत होती; लावलेलीच पानं पुन्हा लावत होती. नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"इस्पिक," मी म्हणाले.

बरोबर होतं. मीच बोलले होते ना. फक्त तिनं विचारायच्या आधी ते माझ्या लक्षात होतं की नाही, हे मी मघापासून आठवून बघतेय.